खोलगट काच

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
१७ ऑगस्ट २००८

राजरत्न यांस जयभीम.

'सप्रेम' लिहिलेलं नाही हे लक्षात आलं असेल. आलं नसेल तर वरची ओळ परत वाचा.

फोन न करता पत्र का, तर फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता. लग्नाला पाच वर्षं झाली, तुमच्या एका 'हं'वरून मी तुमच्या पगारापासून तुमच्या तापापर्यंत सगळं ओळखत आले. आता कंटाळा आला. पत्रात तुम्हाला मध्येच 'हं' करता येत नाही, तेवढंच बरं. बदलापूर ते अंबरनाथ एक स्टेशन, पण पोस्टमन म्हणाला चार-पाच दिवस धरा. मंगळावरून फोटो यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. असो.

मी इथे मजेत आहे. जांभूळ गावच्या पाणी प्रकल्पावर जायला इथून रिक्षा मिळते. लॅबमध्ये तेच चाललंय, नमुने भरा, क्लोरीन बघा, गढूळपणा बघा. आई रोज माझ्या आवडीची भाजी करते, त्यामुळे मला आजारी असल्यासारखं वाटतं. परवा बाबा पेपर वाचता वाचता म्हणाले, "पोरगी चंद्रावर जाणार होती. अंबरनाथला नांदता येईना." आणि स्वतःच हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

कानावर आलंय की तुमच्या आई चाळभर सांगतायत, "पोरानं वाढदिवसाला आरसा दिला म्हणून सून माहेरी गेली." असं सांगितल्यावर ऐकणाऱ्याला मी वेडीच वाटणार. म्हणून माझ्या बाजूनं एकदा लिहिते, मग तुम्ही वाचून दाखवा त्यांना.

ती काच आरशाचीच होती, पण तुम्ही दिवसभर ड्रेसिंग टेबलांसाठी बनवता तसल्या आरशाची नव्हती. दुर्बिणीची होती. भंगारातली, जहाजाच्या खिडकीची जाड काच. वर्षभर मी ती गॅलरीत हातानं घासली. केसाएवढा फरक राहिला नव्हता तिच्यात. फक्त पुढच्या बाजूला चकाकीचा थर चढवून आणायचा बाकी होता. तुम्ही ती गुपचूप हरेश शेठच्या कारखान्यात नेलीत, चाकावर धरून चकचकीत केलीत, कडा तासल्यात, पाठीला पारा लावलात आणि लाल फ्रेम करून सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलीत. शेठ म्हणाला, "साईं, क्या पीस बनाया है!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आत बघितलं. माझं तोंड बारीक आणि वाकडं दिसत होतं.

आणि मी रडायला लागल्यावर तुम्ही काय म्हणालात? "दुसरी काच आणतो."

दुसरी काच नको. सॉरी पण नको, ते तुम्ही मधुभावजींच्या हाती पाठवलंत ते पोचलं. स्वतःचं सॉरी धाकट्या भावाकडून पाठवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मला एकच पाहिजे. तुमच्या हातून काय मोडलं ते तुम्हाला कळू दे. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी मला सांगा, मी येते. नाहीतर प्रकल्पावर स्टाफ क्वार्टर रिकामी होतेय, एक खोली आणि मोरी, एका बाईला पुष्कळ. डिसेंबरपर्यंत नाव द्यायचंय. अजून दिलेलं नाही.

शीला


१४ सप्टेंबर २००८

राजरत्न यांस जयभीम.

उत्तर नाही. पोस्टमन आमच्या बिल्डिंगखाली सायकल लावतो तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत असते. आई म्हणते, एवढे कपडे आपल्या घरात आहेत तरी का?

तुम्ही मला बघायला आलात तो रविवार आठवतो का तुम्हाला? आदल्या संध्याकाळी कोलंबिया यान परत येताना आकाशातच तुटलं होतं. आत सात जण होते, त्यातली एक आपल्याकडची, करनालची. माझे डोळे रडून रडून सुजले होते. आईनं तुमच्या माणसांना सांगून टाकलं, "पोरीचे डोळे आलेत." तुमच्या आई लगेच लांब सरकून बसल्या. तुम्ही विचारलंत, "डॉक्टरला दाखवलं का?" माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, "सात माणसं जळाली, त्याला डॉक्टर काय करणार?" आईनं पाठीमागून असा चिमटा काढला की अजून आठवतो. आणि तुम्ही चपलांकडे बघत म्हणालात, "मी पण बघितलं टीव्हीवर. त्यांच्या घरची माणसं उतरायच्या जागी वाट बघत उभी होती."

तेवढ्यावर मी हो म्हटलं. बाबांनी नोकरी विचारली, आईनं घर विचारलं, मी काही विचारलं नाही. आरशाच्या कारखान्यात आहे म्हणाले, तर म्हटलं आरसे तर आरसे.

आणि आता सांगते, ड्रम आणला तेव्हाही मला वाटलं होतं, तुम्हाला सगळं कळतंय. निळा ड्रम, हलू नये म्हणून पाण्यानं भरलेला. त्यावर एक काच पक्की बसवलेली. तिच्यावर घासायची कुरुंदाची पावडर आणि पाणी, त्यावर दुसरी काच. वरची दोन्ही हातांनी मागे-पुढे ढकलायची आणि ढकलता ढकलता ड्रमभोवती फिरायचं. फिरलं नाही तर काच एकाच बाजूनं खाल्ली जाते. असं करत करत वरची काच खोलगट होते आणि खालची फुगीर. वरची तो आरसा. खालची काम झालं की भंगार. हे मी तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही म्हणाला होतात 'हं'.

वेणूमावशी शेजारच्या गॅलरीतून रोज विचारायची, "काय गं शीला, तुमच्यात वटपौर्णिमा नाही म्हणतेस, आणि रोजच्या रोज ड्रमला फेऱ्या मारतेस? साती जन्म हाच ड्रम पाहिजे का?" तुमच्या आई घाबरल्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आणि सून प्रदक्षिणा घालते, लोक काय म्हणतील! विहारातल्या बायकांना सांगत सुटल्या की आमची शीला व्यायाम करते. मला त्यांचा राग नाही आला तेव्हा. हसून हसून पोट दुखलं होतं. तुम्हीही हसला होतात, आठवतंय? दारात बसून, हातात चहाची बशी.

मुलासाठी डॉक्टरकडे जायचं आपण बंद केलं, त्याच महिन्यात मी ड्रम आणला. त्यावर तुम्ही कधी काही बोलला नाहीत. मीही नाही.

संध्याकाळी गॅलरीत मी घासायची आणि तुम्ही दारात बसून बघायचात. सगळं वर्ष. मग तुम्ही बघत होतात ते काय? तेवढं तरी लिहा.

शीला


२२ ऑक्टोबर २००८

राजरत्न यांस जयभीम.

आज सकाळी आपलं यान निघालं. चंद्राकडे. श्रीहरिकोट्याला पाऊस होता, मला वाटलं रद्द करतात की काय. बाबांनी सगळ्यांना उठवून टीव्हीसमोर बसवलं होतं. आयुष्यभर कारखान्यात लोखंड बघितलेला माणूस, पण ते उडालं आणि ढगात गेलं तेव्हा म्हाताऱ्यानं उभं राहून हात जोडले. मग एकदम माझ्याकडे बघितलं आणि जिलेबी आणायला गेला. इतक्या सकाळी कुठली जिलेबी? पाव घेऊन आला.

तुम्ही बघितलं का? तुमच्याकडे टीव्हीवर सकाळी वंदना लागते, आई बदलू देत नाहीत. नसेल बघितलं.

लॅबमध्ये प्रीतीला सांगितलं, आपलं यान चंद्रावर चाललंय. ती म्हणाली, "मॅडम, मग उन्हाळ्यातली पाणीकपात बंद होईल का?"

माझ्या ट्रंकेत ती रंगीत पुस्तिका अजून आहे. आठवीत असताना मी अमेरिकेला पत्र लिहिलं होतं, अंतराळवीर व्हायला काय करावं लागतं म्हणून. बाबांनी पोस्टात विचारून तिकिटं लावली होती. उत्तर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, आणि आलं. काय शिकायचं, उंची किती, नजर कशी, विमान किती तास चालवलेलं पाहिजे, सगळं छापलेलं. इंग्रजीच्या बाई ती बघून म्हणाल्या, "आधी तुझं इंग्रजी उतरव जमिनीवर." सगळा वर्ग हसला. मी त्यांना दाखवण्यासाठी फिजिक्स घेतलं. पण चष्म्याचा नंबर वाढतच गेला, आणि विमान तर मी अजून आतून बघितलेलं नाही.

या वर्षी अमेरिका, युरोप, कॅनडा, तिघांनीही अंतराळवीरांची भरती काढली होती. पासपोर्ट त्यांचा पाहिजे. आपल्याकडून कधी माणूस जाईल तेव्हा विमानदलातले जातील. मला बत्तिसावं लागलं. कळतं हो मला सगळं, मी काही खुळी नाही.

पण ऐका, मला बघायचं कधीच नव्हतं. मला जायचं होतं. ते होणार नाही हे पक्कं झालं तेव्हा मी ठरवलं, निदान माझ्या हातानं केलेल्या काचेतून बघीन. दुकानातून आणलेल्या दुर्बिणीतून नाही. जाणं म्हणजे दुसरं काय असतं, स्वतःच्या अंगानं थोडं थोडं पुढे सरकायचं. मी रोज ड्रमभोवती तेवढीच जात होते. हे मी कुणाला बोलले नाही, कारण बोललं की फार मोठं वाटतं. तुम्हालाही बोलले नाही.

इथे बोलायला कुणी नाही. तिथेही तुम्ही काय बोलायचात म्हणा. गुरूचे चंद्र सांगितले की हं. शनीची कडी बर्फाची, हं. पण आता भांडी घासताना मी काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि मागे आई असते, ती म्हणते, "काय गं, मीठ पाहिजे का?"

तुमची आठवण येते. लिहून गेले, खोडत नाही. पण येणारही नाही.

शीला


१६ नोव्हेंबर २००८

राजरत्न यांस.

मंगळाच्या उत्तर टोकाजवळ मे महिन्यात एक यान उतरलं होतं, फिनिक्स नावाचं. त्यानं माती उकरली, बर्फ शोधून दिला. मी तुम्हाला त्याचा फोटो पेपरात दाखवला होता, कांदे चिरताना. तिकडे आता थंडी सुरू झाली, ऊन पुरेना, बॅटरी संपली. सोमवारी त्यांनी जाहीर केलं की आवाज बंद. तरी अजून काही दिवस ते लोक कान लावून बसणार आहेत म्हणे, चुकून एखादा निरोप आला तर. मी वाचलं आणि मला इतकं भडभडून आलं की पेपर उलटा करून ठेवला.

आणि काल तुमचा निरोप आला.

मधुभावजी आले, हातात गोणपाटात बांधलेलं जड काहीतरी. "दादानं दिलंय." मी म्हटलं, चिठ्ठी? "नाही." तोंडी काही? "म्हणाला, तिला कळेल." चहासुद्धा न घेता पळाले. मी आत जाऊन दार लावून घेतलं. खोटं कशाला बोलू, तुम्हाला एवढ्या महिन्यांनी काहीतरी कळलं असं वाटलं. गाठ सुटेना म्हणून दातांनी सोडली.

आत काय, तर फुगीर काच. खालची! भंगार!

कळलं मला. बरोबर कळलं. माझा आरसा तुम्ही मोडलात आणि आता उरलेलं सामान घरी पोचवलंत, घे बाई तुझं तुला. लाल फ्रेममधला पण पाठवायचा होता. आणि माझे ते दोन ड्रेस दोरीवरचे. ड्रम ठेवा तुम्हाला, पाणी साठवायला उपयोगी पडेल.

मी काय वेडी, तीन पत्रं लिहिली. त्यात नको ते लिहिलं. जाळून टाका ती. वेणूमावशीला वाचून दाखवायची असली तर दाखवा.

उद्या सोमवारी क्वार्टरसाठी नाव देते.

शीला


२ डिसेंबर २००८

राजरत्न,

सप्रेम जयभीम. हो, लिहिलंय. ही ओळ मात्र पुन्हा वाचली तरी चालेल.

पहिल्यांदा हे सांगते की नाव दिलेलं नाही. साहेब भाचीच्या लग्नाला गावी गेले होते, आले ते तापानं झोपले. मग ती मुंबईतली भयंकर रात्र आली आणि आमच्या गेटवर पोलीस बसले, कुणाला कसली क्वार्टर सुचते? त्या रात्री तुम्हाला फोन लावत होते, लागत नव्हता. सकाळी वेणूमावशीकडून तुम्ही घरात आहात एवढं कळलं आणि मी फोन ठेवून दिला. तिनं सांगितलं असेलच.

आता खरी गोष्ट. शनिवारी मी स्वयंपाकघरात गेले तर आईनं ती काच कणकेच्या परातीवर झाकण म्हणून ठेवलेली. फुगीर बाजू वर, टेचात. मी ओरडले, "अगं ती काच आहे, ताट नाही!" आई म्हणाली, "मग काय, भंगार म्हणालीस ना?" मी ती उचलली आणि कडेवरून माझा अंगठा फिरला.

माझ्या खालच्या काचेची कड उडालेली होती. मोरीच्या नळाला लागून. माझं बोट कापलं तेव्हा तुम्हीच हळद भरली होती. ह्या काचेची कड अख्खी. वर सगळीकडून नीट तासलेली, तुमच्या कारखान्यात तासतात तशी, हाताला लागू नये म्हणून.

मी तिथेच परातीजवळ खाली बसले. ही माझी काच नव्हती. आणि फुगीर काच काही आपोआप होत नाही. तिच्यावर दुसरी ठेवून घासावी लागते. ड्रमभोवती फिरावं लागतं.

वेणूमावशीला परत फोन केला. तिला तर सांगायचीच खाज होती. "अगं, तुझं खूळ तुझ्या नवऱ्याला लागलं! गणपती झाले तेव्हापासून. कामावरून आला की हातपाय धुतो आणि ड्रमला फेऱ्या. आम्ही चाळीतल्या बायकांनी विचारलं, काय भाऊ, बायको परत येण्यासाठी का? तर म्हणतो, हं." आणि तुमच्या आई विहारात सांगतात म्हणे, राजूला डॉक्टरनं चालायला सांगितलंय. मी फोनवर इतकी हसले की मावशी घाबरली. मग रडले, तेव्हा ती म्हणाली, "आता मी ठेवते, माझं बिल वाढतंय."

आणि काल संध्याकाळी. आम्ही सगळे गच्चीवर होतो, अख्खी बिल्डिंग होती. खाली चंद्राची कोर आणि वर शुक्र आणि गुरू, दोन डोळे. इतक्या वाईट आठवड्यानंतर लोक एकमेकांना हाताला धरून दाखवत होते, बघा, बघा, हसतोय. बाबासुद्धा टोपी काढून बघत होते. दुर्बीण लागत नव्हती, काही नाही. आणि तुमचा फोन आला. पाच वर्षांत पहिल्यांदा तुम्ही आधी बोललात. "वर बघितलं का?"

आणि मी म्हटलं, "हं."

माझ्या तोंडून दुसरं काही येईना हो. तुमच्या बाजूनेही नुसता श्वास. मग पैसे संपले वाटतं तुमचे.

तर काय मोडलं ते तुम्हाला कळलं. मला तेवढंच पाहिजे होतं आणि ते मिळालं. तुम्ही नुसती दुसरी काच आणून दिली नाहीत, फेऱ्या मारल्यात. दोन महिने. माझं सगळं बोलणं परत घेते, फक्त लाल फ्रेमचं नाही, ती भयानक होती.

पण राजरत्न, काय बनतं ते तुम्हाला अजून कळलेलं नाही. मी पत्रात लिहिलं होतं तरी, भिंग फुगीर असतं म्हणून तुम्हाला वाटलं, फुगीर तीच कामाची. म्हणून चांगली ती मला पाठवलीत. अहो, वरची! वरची आरसा असतो! खोलगट! ती आता तुमच्याकडे भंगार म्हणून पडली असणार. कुठे आहे ती? तुमच्या आईंना ओळखते मी, त्यांनी तिच्यात चटणी काढली असेल, नाहीतर मांजराला दूध घातलं असेल. असेल तर हे वाचताक्षणी त्यांच्या हातातून काढून घ्या. नुसत्या पाण्यानं धुवा. साबण नको. पुसू नका, वाऱ्यावर वाळू द्या. कारखान्यात नेऊ नका, शेठला दाखवू नका, चाकाच्या जवळपास फिरकू नका, पारा कुठल्याच बाजूनं लावू नका. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कपाटावर ठेवा.

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुम्ही 'हं' म्हणाला असतात आणि मला रात्रभर झोप लागली नसती. म्हणून लिहून दिलंय, कपाटाच्या दाराला चिकटवा. पत्र मधुभावजी नेतायत, पोस्टाच्या नादाला लागत नाही.

सहा तारखेला बाबांबरोबर चैत्यभूमीला जायचंय. सात तारखेला रविवार आहे. खालची काच घेऊन मी येते. ड्रममधलं पाणी बदलून ठेवा, इतके महिने तेच असणार.

आणि मी येईपर्यंत त्या वरच्या काचेला हात लावू नका.

तुमची
शीला